टीव्ही तापवायचा तास

लोणावळ्यात तुंगार्लीच्या वरच्या अंगाला ‘निवांत’ नावाचा बंगला आहे. त्या बंगल्याच्या मागच्या खोलीत गेली एकोणतीस वर्षं, पावसाळ्यातल्या जवळजवळ प्रत्येक दुपारी, तीन ते चार गोळीबार होत असे. गोळ्या झाडणारी नंदाबाई, तिचा नवरा बजरंग आणि त्यांची मुलगी तेजल एवढ्या तिघांखेरीज ही गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती.

त्या सोमवारी नंदाबाई त्याच खोलीत फडकं मारत होती. श्रावण निम्मा सरला होता, खिडकीबाहेर धुकं इतकं की समोरचं फणसाचं झाडही दिसत नव्हतं. तेवढ्यात पवन छत्री झटकत आत आला. पवन वडगावचा, वय सव्वीस. लोणावळ्यातले चौदा बंगले शनिवार-रविवारी पाहुण्यांना भाड्याने देणाऱ्या एका कंपनीत तो मॅनेजर होता. पोरगा गुणी होता, फक्त चौदाही बंगले मोबाईलमधून चालवायची त्याला हौस होती.

“मावशी, खुशखबर,” तो म्हणाला. “या खोलीची आपण गेम रूम करतोय.”

नंदाबाईचं फडकं थांबलं. “कसली रूम?”

“गेम रूम. पंचावन्न इंची टीव्ही, नवा गेम, बसायला मऊ खुर्च्या. पाहुण्यांबरोबर मुलं असतात, ती एवढ्या पावसात करणार काय?”

“व्हय की. पावसात करणार तरी काय,” नंदाबाई म्हणाली. तिनं खिडकीपाशी उभ्या बजरंगकडे बघायचं टाळलं. बजरंगला अचानक पडद्याची कडी नीट करायचं काम आठवलं होतं.

“आणि हा डबा गुरुवारी जाणार.” पवननं कोपऱ्यातल्या एकवीस इंची जुन्या टीव्हीच्या डोक्यावर थाप मारली. “एक्सचेंजमध्ये लावलाय. नवा द्यायला येतील, तेच हा घेऊन जातील. तुमचं एक काम कमी झालं, रोज पुसायला नको.”

तो गेल्यावर बजरंगनं पडद्याची कडी सोडून दिली.

“आता गं?” बजरंग म्हणाला.

“आता काय. गुरुवारी जाणार म्हनला न्हवं,” नंदाबाई म्हणाली, आणि जे पुसून झालं होतं तेच पुन्हा पुसायला लागली.

नंदाबाई मूळची भाजे गावची. लेण्यांच्या पायथ्याला तिच्या बापाची भातखाचरं होती. भातात दाणा भरला की पाखरांचे थवे उतरायचे आणि नंदाला मचाणावर बसवलं जायचं, हातात गोफण देऊन. दगड पाखराला लागलाच पाहिजे असं नव्हतं, थवा उडाला की झालं. पण नंदाला तेवढ्यानं समाधान नव्हतं. उडत्या पाखराच्या दोन हात पुढे दगड टाकायचा, म्हणजे पाखरू आपण होऊन दगडावर येतं, हे तिचं तिनंच शोधून काढलं. बाराव्या वर्षी अख्ख्या भाज्यात तिच्याएवढा नेम कुणाचा नव्हता.

एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन ती ‘निवांत’वर आली, ते साल शहाण्णव. बजरंग तिथे वॉचमन आणि माळी होता. मागच्या अंगणात आउटहाउसची एक खोली, पुढे पत्र्याची पडवी. बंगल्याचे मालक कर्णिकसाहेब मुंबईचे. मे महिन्यात यायचे आणि पावसाच्या तोंडावर परत जायचे. त्या वर्षी निघताना साहेबांनी बजरंगला बोलावून सांगितलं, “हे बघ, हवेतल्या ओलीनं टीव्ही खराब होतो. चार महिने बंद राहिला आणि मग एकदम लावला, की आत ठिणगी उडते. पावसाळाभर रोज तासभर लावत जा. आतून तापला पाहिजे.”

लोणावळ्यात हे काही नवीन नव्हतं. तिथे पावसाळ्यात कपाटात बल्ब जळत ठेवतात, पुस्तकांना ऊन मिळेल तिथे ऊन दाखवतात, चपला चुलीपाशी ठेवतात. टीव्ही तापवणं हे गाद्या उन्हात घालण्यासारखंच एक काम होतं. बजरंगनं मान डोलावली आणि साहेबांच्या शब्दाला तो पुढे एकोणतीस वर्षं जागला.

अडचण एवढीच, की धुक्यात अँटेनाला काही सापडायचं नाही. पडद्यावर नुसत्या मुंग्या आणि खरखर. चार दिवस तासभर मुंग्या बघितल्यावर बजरंगनं टीव्हीखालचा खण उघडला. साहेबांची नऊ वर्षांची लेक समीक्षा मे महिन्यात जो टीव्ही गेम खेळायची, तो ती तिथेच विसरून गेली होती. राखाडी डबा, दोन रिमोट, एक पिवळी कॅसेट आणि नारिंगी रंगाची प्लॅस्टिकची बंदूक. समीक्षाला जोडताना बघितलं होतं तसं त्यानं जोडलं. मुंग्यांऐवजी पडद्यावर निळं आभाळ आलं.

“टीव्ही तापतोय तो तापतोयच,” तो नंदाला म्हणाला, “मग मुंग्यांनी तापवा न्हाई तर पाखरांनी.”

कॅसेटमध्ये बरेच गेम होते. त्यांना नावं असतील, पण ती इंग्रजीत. या दोघांनी आपली नावं ठेवली. रणगाड्याचा, विटांचा, उड्यांचा आणि पाखरांचा. बजरंग रणगाड्यावर बसला. नंदा महिनाभर झाडू हातात घेऊन दारातूनच बघत होती. मग एक दिवस पाखरांचा गेम लावून बजरंगनं दहापैकी नऊ पाखरं सोडली, तेव्हा तिला राहवलं नाही.

“सरका तिकडं. भात खाऊन टाकतील समदं.”

तिनं बंदूक धरली, पाखराच्या दोन हात पुढे नेम घेतला आणि चाप ओढला. काही नाही. दुसरं पाखरू, तसंच. दहाच्या दहा सुटली. बजरंग इतका हसला की त्याला ठसका लागला. तिनं त्याचं हसणं संपेपर्यंत वाट बघितली आणि परत लावायला सांगितलं. भाज्याची सगळ्यांत अचूक पोरगी आठ दिवस एकही पाखरू पाडू शकली नाही. नवव्या दिवशी तिच्या लक्षात आलं. गोफणीच्या दगडाला पोचायला वेळ लागतो. ही गोळी वाटेत राहतच नाही, चाप ओढला की पोचलेली असते. पुढे नेम धरायचाच नाही, जिथे पाखरू तिथेच. त्या दुपारी दहाच्या दहा पडली, आणि मग सरकायची पाळी कायमची बजरंगवर आली.

गेम बंद केला की आकडा पुसला जायचा. म्हणून टीव्ही लाकडी स्टँडसकट थोडा पुढे ओढून मागच्या भिंतीवर पेन्सिलीनं लिहायची पद्धत पडली. खरं तर ती समीक्षाची. तिनं तिथे आधीच लिहून ठेवलं होतं, ‘समीक्षा १७’, म्हणजे सतराव्या टप्प्यापर्यंत पोचली, आणि शेजारी एक जाडं पाखरू काढलं होतं. त्याखाली दर पावसाळ्याचा सगळ्यांत मोठा आकडा चढत गेला. बंगल्याला चार वेळा रंग लागला, पण तो जड स्टँड हलवायचा कंटाळा दर वेळी रंगाऱ्यांनी केला, त्यामुळे तेवढी भिंत वाचली. ‘९८ नंदा ३३’. ‘२००३ नंदा ४६, बजरंग २२’. ‘२०११ नंदा ६४’. तेजल शाळेत होती तेव्हाचे दोन-तीन आकडे तिचेही होते. पुढे ती नर्सिंग शिकून पुण्याला गेली आणि फोनवर “आई, अजून खेळता?” असं विचारून हसायला लागली.

डब्याचा अडॅप्टर तीनदा बदलला. बंदूक दोनदा बिघडली, तेव्हा बजरंग ती पिशवीत घालून कामशेतला अंबाजी मेकॅनिककडे घेऊन गेला. “पावण्याच्या पोराची हाय,” असं त्यानं दोन्ही वेळा, दहा वर्षांच्या अंतरानं सांगितलं. अंबाजीनं दोन्ही वेळा विश्वास ठेवल्यासारखं केलं. पावसाळ्यात बंदुकीला ओल लागू नये म्हणून नंदाबाई ती खेळून झाल्यावर इंद्रायणी तांदळाच्या पिंपात खुपसून ठेवायची. एकोणतीस वर्षांत त्या बंदुकीला तांदळाचा असा वास लागला होता, की चाप ओढताना तिला भूक लागायची.

यंत्रांबद्दल नंदाबाईची मतं पक्की होती, आणि ती तिनं वापरून वापरून बनवली होती. मोबाईल तिला फार आवडायचा. तेजल ड्यूटीवर जाण्याआधी तिचा चेहरा दिसतो, यापलीकडे यंत्रानं काय करायचं? कुकरला ती सगळ्यांत हुशार यंत्र मानायची, कारण झालं की तो स्वतः सांगतो आणि ऐकू येईल असं सांगतो. बटणाला तिचा मान होता. “बटण दाबलं की बोटाला उत्तर मिळतं,” ती म्हणायची. “ह्या काचेवर बोट फिरवायचं म्हंजी भिताडाशी बोलल्यागत.” नव्या शेगडीवर काचेची बटणं होती आणि ओला हात लागला की ती रुसायची. आता स्वयंपाकघरात हात ओला नसणार तर कुठे असणार?

पवननं वर्षभरात बंगल्यात बरंच काही बसवलं होतं. दाराला आकड्यांचं कुलूप आलं. पडदे मोबाईलवर सरकायला लागले. हॉलमध्ये बोललेलं ऐकणारा एक गोल डबा आला. पाहुणे नसताना वीज वाया जायला नको म्हणून सोमवार ते शुक्रवार तो मोबाईलमधूनच सगळ्या बंगल्याची वीज बंद करून टाकायचा. फक्त मागची खोली आणि आउटहाउस जुन्या वायरिंगवर होतं, म्हणून सुटलं. जुलैत तो गोल डबा मुका झाला. मग मायक्रोवेव्हचे आकडे दिसेनासे झाले.

“क्वालिटीच नाही हल्ली,” पवन म्हणाला होता.

“सर्दी झालीया त्येला,” नंदाबाई म्हणाली होती. “आठ-आठ दिस गार पडून ऱ्हातंय. जरा तापवत जा.” पवनला ती थट्टा वाटली होती.

आता सोमवारी संध्याकाळी पडवीत बसून बजरंग तोच तोच हिशोब करत होता. “मागून टाक की पवनकडं. एक्सचेंज न्हाई तर न्हाई.”

“मी न्हाई मागायची.”

“मग मी मागतो.”

“तुमी मागितलं म्हंजी मीच मागितलं.”

हे तिचं जुनं होतं. ती नवीन आली तेव्हा शेजारच्या बंगल्यावरच्या बाईनं मालकिणीकडे पडून असलेला मिक्सर मागितला. मिक्सर मिळाला. दोन महिन्यांनी मालकिणीचा चांदीचा चमचा सापडेना, तेव्हा पहिली हाक त्याच बाईला गेली. चमचा सोफ्यात निघाला, पण तोपर्यंत तिच्या पत्र्याच्या पेटीतलं सगळं अंगणात येऊन पडलं होतं. नंदाबाईनं त्या दिवशी ठरवलं, दिलं ते घ्यायचं, मागायचं काही नाही. कर्णिकांनी बरंच दिलं. स्वेटर, पलंग, तेजलला पुस्तकं. तिनं एकोणतीस वर्षांत सुतळीचा तोडासुद्धा मागितला नाही, आणि त्या जोरावर बंगल्याच्या सगळ्या चाव्या कमरेला लावून ती ताठ फिरायची.

“आणि मागायचं तर काय सांगून मागू?” ती म्हणाली. “तुमच्या खोलीत बसून आमी इतकी वर्सं पाखरं मारली, असं? साहेबांनी टीव्ही लावाय सांगितलं व्हतं. खेळाय न्हाई.”

मंगळवारी आणि बुधवारी दोघं नेहमीप्रमाणे तीनला बसले. मंगळवारी ती चाळिसावर गेली. बुधवारी अकराव्या टप्प्यावरच पाखरं सुटली. बजरंगनं चार वाजायच्या आतच टीव्ही बंद केला, यावरून त्यालाही किती लागलं होतं ते तिला कळलं.

गुरुवार म्हणजे वीज जायचा वार. दुरुस्तीसाठी सकाळीच लाइट गेली होती. बारा वाजता टेम्पो आला. पवन पुढे, मागे भलंमोठं खोकं धरून केरबा आणि त्याचा जोडीदार. केरबा पन्नाशीचा, दुकानाचा माल घरोघर पोचवणारा माणूस.

“आधी जुना काढू,” केरबा म्हणाला. “मागं भिताडाला ड्रिल मारायचंय.”

“मी पुसून घेते वाईच मागलं,” नंदाबाई घाईनं पुढे झाली.

“राहू द्या हो मावशी, आम्ही बघतो,” पवन म्हणाला, आणि तिघांनी मिळून स्टँड सरकवला.

पवननं मोबाईलचा उजेड भिंतीवर मारला. वरपासून खालपर्यंत पेन्सिलीनं भरलेली भिंत. वर्षं, नावं, आकडे आणि सगळ्यांत वर एक जाडं पाखरू.

“हे काय आहे?”

“मी लिवलंय,” बजरंग म्हणाला. “समदं मीच. हिचा काय संबंध न्हाई.”

पवननं वाचलं. “नंदा त्रेचाळीस. नंदा एक्कावन्न. नंदा चौसष्ट. भाऊ, तुम्ही सगळीकडे मावशीचं नाव का लिहिलंय?”

केरबाचा जोडीदार फिसकन हसला. नंदाबाईनं पदर खोचला. लपवायचं होतं तेवढं लपवून झालं होतं.

“त्ये खोटं बोलत्यात. मीच खेळते,” ती म्हणाली. “साहेबांनी टीव्ही तापवाय सांगितला व्हता, रोज तासभर. तापवता तापवता पाखरं मारली. एवढंच. काय मोडलं न्हाई, काय हलवलं न्हाई. आता साहेबांना काय सांगायचं ते सांग.”

पवनचं तोंड उघडंच राहिलं होतं. “मावशी, म्हणजे ही गेम रूमच होती?”

“मग काय तर.”

“आणि मी तुम्हाला समजावून सांगत होतो!” तो खाली बसला आणि पोट धरून हसायला लागला. “अहो, माझ्याकडे होता असला गेम! वडगावात आमच्या आळीत एकच होता, माझ्या मामाचा. फुंकर मारून कॅसेट लावायची.”

“फुंकर मारू ने,” नंदाबाई तडकून म्हणाली. “थुंकीनं पिना गंजत्यात. कोरड्या फडक्यानं पुसावी.”

“बंदूक आहे?”

नंदाबाई आउटहाउसमध्ये गेली आणि तांदळाचे दाणे झटकत बंदूक घेऊन आली. पवननं तिचा वास घेऊन बघितला, पण कारण विचारलं नाही.

लाइट नव्हती, त्यामुळे हसण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. नंदाबाईनं गवती चहा केला. केरबानं बॅटरीवरच्या ड्रिलची भिंतीतली जागा आकडे वाचत वाचत ठरवली, जाड्या पाखराच्याही वर, एकाही आकड्याला धक्का न लावता. साडेतीनला वीज आली तेव्हा नवा टीव्ही भिंतीवर चढला होता आणि निघायचं नाव कुणीच काढत नव्हतं.

“यावरच लावू,” पवन म्हणाला. “पंचावन्न इंचावर पाखरं कसली दिसतील!”

त्यानं राखाडी डब्याच्या वायरी नव्या टीव्हीला जोडल्या. कोंबड्याएवढी पाखरं भिंतभर उडाली. नंदाबाईनं बंदूक उचलली, नेम धरला, चाप ओढला. काही नाही. पुन्हा ओढला. पाखरं आरामात उडत वर निघून गेली.

“हात कापतोय का काय मावशी?” केरबा म्हणाला.

एकोणतीस वर्षांनी तिनं पुन्हा दोन हात पुढे नेम धरून बघितला, भाज्याच्या खाचरात धरायची तसा. मग एक हात. मग वीतभर. दहाच्या दहा सुटली. बंदूक बिघडली असेल, पवन म्हणाला, डबा जुना झाला असेल. नंदाबाई नव्या टीव्हीकडे डोळे बारीक करून बघत होती.

“बंदूक चांगली हाय. ह्यो टीव्ही उशिरा दावतोय,” ती म्हणाली. “जुना जोड.”

जुना टीव्ही जमिनीवर ठेवला होता, तसाच जोडला. ती समोर मांडी घालून बसली. एक, दोन, तीन. पाखरू वर येतंय न येतंय तोवर खाली. दहाच्या दहा. पुढचा टप्पा, पुन्हा दहा. केरबानं “आयला” म्हणून टाळी वाजवली. पवन एकीकडे बघत होता आणि एकीकडे मोबाईलमध्ये शोधत होता.

“सापडलं! मावशी, तुमचं बरोबर आहे. चाप ओढला की पडदा पापणी लवायच्या आत काळा होतो आणि फक्त पाखराच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीच्या तोंडात डोळा आहे, तो चौकोन तिला दिसला तर पाखरू पडलं. जुन्या टीव्हीत चित्र आल्या आल्या काचेवर उमटतं. नवा टीव्ही आधी चित्र घेतो, सजवतो, मग दाखवतो. तोपर्यंत बंदुकीनं डोळा मिटलेला असतो.”

“म्हंजी म्या म्हनलं तेच,” नंदाबाई म्हणाली. “निस्तं लांबवून सांगितलंस.”

“हा टीव्ही जाणार नाही,” पवननं तिथेच जाहीर केलं. “अहो, अशा जुन्या गोष्टींना आता केवढी मागणी आहे! हा इथेच कोपऱ्यात ठेवायचा, भिंत उघडी ठेवायची, वर लाइट सोडायचा. पाहुणे वेडे होतील. मी आत्ताच मॅडमना दाखवतो.” मॅडम म्हणजे समीक्षा. कर्णिकसाहेब थकले होते, बंगल्याचं आता तीच बघायची.

बजरंगच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. नंदाबाईच्या नाही. टीव्ही वाचला होता, पण तिच्या डोळ्यांसमोर शनिवार-रविवारची पाहुणेमंडळी उभी राहिली. आकड्यांचं कुलूप लाथा घालून उघडणारी. पडद्यांना हात पुसणारी. त्यांच्या हातात बंदूक. वायर दोन दिवस टिकली नसती.

पडद्यावर समीक्षाचा चेहरा आला. पवननं भिंतीवरून मोबाईल फिरवला.

“थांब थांब. वर घे. आई गं! माझं पाखरू! नंदाताई, माझा सतरा अजून आहे?”

“हाय की समूताई. कुनी पुसला न्हाई.”

“आणि त्याखाली सगळं तुम्ही? चौसष्ट? मी सतराला पोचले तेव्हा बाबांनी पार्टी दिली होती!” समीक्षा हसत होती आणि चष्मा काढून डोळेही पुसत होती. “तुम्ही कधी बोलल्या कशा नाहीत?”

“काय बोलायचं. टीव्ही तापवाय ठेवलं व्हतं आमाला.”

पवननं आपला बेत सांगितला. लाइट, कोपरा, पाहुणे. समीक्षाला तो आवडला. “छानच. मग ठरलं, तो टीव्ही तिथेच राहू दे.”

एवढ्यावर बोलणं संपलं असतं. नंदाबाईनं कमरेच्या चाव्या मुठीत धरल्या.

“समूताई,” ती म्हणाली, “एक मागू का?”

खोलीत बजरंग एकटाच असा होता, ज्याला या शब्दांचं वजन माहीत होतं.

“पावण्यांना नवा मोठा हाय, नवा गेम हाय. ह्यो मला द्या. टीव्ही, डबा, बंदूक. माजा म्हणून द्या. निस्तं सांभाळाय नगं.”

पडद्यावर समीक्षानं पुन्हा चष्मा काढला.

“नंदाताई,” समीक्षा म्हणाली, “तो तुमचाच आहे. पवन, ऐकलंस ना? कोपरा-बिपरा काही नाही. आणि ती भिंत रंगवायची नाही.”

“ऐकलं मॅडम.” पवनचा चेहरा पडला होता, पण तेवढ्यापुरताच.

“मी गणपतीनंतर येते,” समीक्षा म्हणाली. “बंदूक तयार ठेवा. अठरा करूनच जाणार.”

फोन बंद झाल्यावर केरबा खाकरला. “त्ये समदं खरं, पन मला जुना टीव्ही न्यावा लागतोय. पावतीवर लिवलंय. चालू असो, बंद असो, एक जुना टीव्ही गाडीत पायजे.”

मग बजरंग हळूच म्हणाला, “चौदा इंची चालंल का?”

आउटहाउसच्या पडवीत, सरपणाच्या शेजारी, बजरंगच्या लग्नात आलेला काळा-पांढरा टीव्ही होता. तो पंधरा वर्षांपूर्वी बंद पडला आणि तेव्हापासून त्यावर गोणपाट टाकलेलं होतं. गोणपाटावर नंदाबाईची तांबडी कोंबडी बसली होती. कोंबडीनं केरबाकडे एक डोळा रोखून बघितलं.

केरबानं चारी बाजूंनी पाहणी केली. “काच हाय, डबा हाय, वायर हाय. बसतंय नियमात.” मग कोंबडीकडे बोट केलं. “हिला तेवढं काढून घ्या. पावतीवर न्हाई.”

एकवीस इंची टीव्ही आउटहाउसमध्ये न्यायला चौघं लागले. वाटेत शेवाळ होतं, पवन दोनदा घसरला आणि दोन्ही वेळा आधी “टीव्ही, टीव्ही!” असं ओरडला. तांदळाच्या पिंपाशेजारी जागा केली. जाताना पवन दारात घुटमळला.

“मावशी, तो गोल डबा खरंच सर्दीनं गेला असेल का?”

“मग मी काय सांगत व्हते जुलैपासनं?”

“म्हणजे आता हा पंचावन्न इंचीसुद्धा...”

“पावसाळाभर रोज तासभर,” नंदाबाई म्हणाली. “आतून तापला पायजे. बाकीच्या बंगल्याची लाइट बी तू तितनं बंद करू नगंस, मी हितं बघते.”

पवननं तिथल्या तिथे मोबाईल काढून काहीतरी बदललं आणि मान डोलावली, अगदी शहाण्णव साली बजरंगनं डोलावली होती तशी.

शुक्रवारी तीन वाजता बजरंग साहेबी थाटात गेम रूममध्ये नवा टीव्ही तापवायला गेला आणि दहा मिनिटांत परत आला.

“चालू करून ठिवलाय. आपला आपण तापतोय,” तो म्हणाला. “लय मोठं दिसतंय तितं. माणसं अंगावर येत्यात.”

नंदाबाई आउटहाउसच्या भिंतीपाशी पेन्सिल घेऊन उभी होती. तिनं सगळ्यांत वर, हात पुरेल तिथे लिहिलं, ‘समीक्षा १७’. शेजारी पाखरू काढायचा प्रयत्न केला. ते पाखरापेक्षा त्यांच्या कोंबडीसारखंच जास्त दिसत होतं. कोंबडी टीव्ही गेल्यापासून पिंपाच्या झाकणावर मुक्कामाला आली होती.

“हिचं आधी कशाला?” बजरंग म्हणाला. “ह्यो तर आता तुजा टीव्ही.”

“म्हणूनच,” नंदाबाई म्हणाली. तिनं कोंबडीला उचलून बाजूला ठेवलं, तांदळातून बंदूक काढली, दोन दाणे फुंकले आणि पडद्यासमोर मांडी घातली. निळं आभाळ आलं.

“हं. आता सरका.”